नाटक अर्ध्यावर सोडून उठू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सरकारी पैसेवाटपावर टीका करणारा एक लेख आला आहे. लेखकांनी त्यात अ‍ॅरिस्टोफनीस या ग्रीक नाटककाराला साक्षीला बोलावलं आहे. त्याच्या ‘प्लुटस’ नाटकात खुद्द दारिद्र्यदेवी येऊन विचारते, की सगळेच श्रीमंत झाले तर कामं कोण करणार, आणि या बिनतोड प्रश्नापुढे सगळे गप्प होतात, असं ते लिहितात. त्यापुढे लाडक्या बहिणींचे दरमहा पंधराशे रुपये, बँकेसमोरच्या बायकांच्या रांगा, भांगलणीला मजूर मिळत नाही वगैरे नेहमीचं.

योजनेबद्दल मला भांडायचं नाही. ती निवडणुकीच्या तोंडावर आली हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझं भांडण नाटकाबद्दल आहे. दारिद्र्यदेवीपुढे कुणीही गप्प बसत नाही. तिला शिव्या घालून हाकलून देतात, आणि तेव्हा नाटक जेमतेम निम्मं झालेलं असतं. लेखकमहाशय मध्यंतरात चहाला उठले ते परत आलेच नाहीत असं दिसतं.

मी काही ग्रीक विद्वान नव्हे. मी पिग्मी एजंट होतो. एकवीस वर्षं एका पतसंस्थेसाठी (नाव लिहीत नाही) महाद्वार रोड, जोतिबा रोड आणि गुजरीच्या बोळांतून खांद्याला बॅग लावून रोजच्या छोट्या ठेवींची वसुली केली. कुणाचे दहा, कुणाचे वीस, सराफाच्या दुकानातल्या कारागिराचे पन्नास. शेकडा तीन रुपये कमिशन. संध्याकाळी हौशी नाटकाच्या तालमी. राज्य नाट्य स्पर्धेत मी नऊ वेळा उतरलो आणि नऊ वेळाही नोकरच झालो, कारण माझा चेहराच तसा आहे असं आमच्या दिग्दर्शकाचं मत. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या त्या रंगमंचावर पाण्याचा तांब्या घेऊन किती वेळा आलो-गेलो त्याची मोजदाद नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळत होतं तेव्हा खासबागेच्या बाजूला मी गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. असो.

नातीला अभ्यासाला हे नाटक होतं. तिनं वाचून दाखवलं, मग करवीर नगर वाचन मंदिरात बसून मी डिक्शनरी शेजारी ठेवून दोनदा वाचलं. इंग्रजीतूनच, पण नोकराच्या भूमिका मला कुठल्याही भाषेत कळतात.

आता गोष्ट. क्रेमिलस नावाचा अथेन्सचा एक म्हातारा शेतकरी, सरळमार्गी आणि गरीब. आजूबाजूला देवळं लुटणारे, भाषणं ठोकणारे आणि चुगल्या करून पोट भरणारे लोक गब्बर होताना तो बघतोय. शेवटी तो डेल्फीला अपोलोच्या देवळात कौल लावायला जातो. स्वतःसाठी काही मागत नाही, माझं आयुष्य तर सरलंच म्हणतो. त्याचा प्रश्न असा, की मला एकुलता एक मुलगा आहे, त्याला मी आता लबाड व्हायला शिकवू का? कारण जगात निभायचं तर तेच उपयोगी दिसतंय. सगळं नाटक या प्रश्नातून निघतं, आणि लेखात नेमका हाच प्रश्न नाही.

देव सरळ उत्तर देत नाही. देवळातून बाहेर पडल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याला घरी घेऊन जा, एवढंच सांगतो. भेटतो तो एक मळकट आंधळा म्हातारा. क्रेमिलस आणि त्याचा गुलाम कॅरिओन त्याला दमदाटी करून विचारतात तेव्हा कळतं, की हाच प्लुटस, धनाचा देव. लहानपणी तो म्हणाला होता, मी फक्त न्यायी, शहाण्या आणि सज्जन माणसांच्या घरी जाईन. देवांचा राजा झ्यूस, त्याला माणसांचं बरं बघवलं नाही, त्यानं याचे डोळे काढून घेतले. तेव्हापासून हा चाचपडत कुणाच्याही दारात शिरतो. कंजूषाच्या घरी गेला तर तो याला जमिनीत पुरतो आणि कुणी मित्र चार पैसे मागायला आला की याला जन्मात बघितलंच नाही म्हणतो. उधळ्याच्या घरी गेला तर जुगारात आणि बायांवर उधळला जाऊन क्षणात उघडानागडा रस्त्यावर.

आपण लक्ष्मीला चंचल म्हणतो. ग्रीकांनी त्यांच्या धनदेवाला आंधळं केलं. या दोन शब्दांत मोठा फरक आहे असं मला वाटतं. चंचल म्हटलं की दोष तिचा, आणि आपण हात जोडून मोकळे. आंधळा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, आंधळा कुणी केला? आणि डोळे परत येतील का? (आमची अंबाबाई म्हणजे महालक्ष्मी की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. त्यावर आपल्याकडे रोज चार पत्रं येत असणार.)

यानंतर एक जागा अशी आहे की वाचन मंदिरात मी मोठ्यानं हसलो आणि शेजारच्या गृहस्थांनी पेपर खाली करून बघितलं. मालक आणि गुलाम मिळून देवाला पटवतायत, की तुझी ताकद झ्यूसपेक्षा मोठी आहे, कारण माणसाला बाकी सगळ्याचा कंटाळा येतो. मालक म्हणतो, प्रेमाचा. गुलाम म्हणतो, भाकरीचा. मालक, गाण्याबजावण्याचा. गुलाम, गोडाधोडाचा. मालक मानमरातब म्हणतो, गुलाम वड्या म्हणतो. मालक सेनापतिपदापर्यंत पोचतो तेव्हा गुलाम मसुरीच्या आमटीवर आलेला असतो. पैशाचं मात्र तसं नाही, तेरा टॅलेंट मिळाले की सोळा हवेत, सोळा मिळाले की चाळीस, नाहीतर जगण्यात अर्थ नाही. मी जुना हिशेबी माणूस, कागद घेऊन बसलो. एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा. कसबी कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा. तेरा टॅलेंट म्हणजे ७८,००० दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता दोनशे तेरा वर्षं. आणि त्यावर म्हणे अजून तीन हवेत.

ठरतं असं, की प्लुटसला अस्क्लेपियसच्या, म्हणजे वैद्यदेवाच्या देवळात नेऊन झोपवायचं, डोळे बरे करायचे, म्हणजे तो आपोआप चांगल्या माणसांकडेच जाईल. मित्र ब्लेप्सिडेमस धावत येतो. त्याला पहिला संशय हा, की क्रेमिलस अचानक श्रीमंत होणार म्हणजे यानं नक्की कुठंतरी हात मारलाय, आणि तो पुढाऱ्यांची तोंडं चार पैशांनी बंद करून प्रकरण मिटवून देतो म्हणतो. दोन हजार चारशे वर्षांत आपण फार बदललोय असं मला तरी म्हणवत नाही.

आता ती दारिद्र्यदेवी. पेनिया तिचं नाव. तिचं म्हणणं लेखकांनी दिलंय ते खरंच आहे, आणि ते जोरदार आहे हे मीही कबूल करतो. ती म्हणते, सगळ्यांना पैसा मिळाला तर लोहारकी कोण करेल, नावा कोण बांधेल, कोण शिवेल, चाकं घडवेल, चपला करेल, विटा पाडेल, कपडे धुवेल, कातडं कमावेल, जमीन नांगरेल? क्रेमिलस म्हणतो, ही सगळी कामं गुलाम करतील. गुलाम आणणार कुठून? विकत घेऊ. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो विकायला येईल कशाला? थेसलीकडचा एखादा माणसं पळवणारा व्यापारी येईल की. तो तरी श्रीमंत झाल्यावर जिवावर उदार होऊन माणसं पळवेल का?

इथे क्रेमिलस खरोखर अडकतो. पण तो कशामुळे अडकला हे लेखकांनी बघितलंच नाही. त्याच्याच घरात कॅरिओन आहे, मगाशी मसुरीची आमटी म्हणालेला. सगळ्या चांगल्या माणसांना धन द्यायला निघालेल्या या भल्या शेतकऱ्याच्या डोक्यात हे येतच नाही, की कॅरिओनही माणूस आहे. नाटक संपेपर्यंत येत नाही. अ‍ॅरिस्टोफनीसच्या डोक्यात आलं होतं का, देव जाणे. नऊ वेळा नोकर झालेल्या माणसाला मात्र ते टोचतं.

पेनियाला क्रेमिलस जे उत्तर देतो ते लेखकांनी एका ओळीतही दिलेलं नाही. तू लोकांना काय देतेस म्हणून तो यादीच वाचतो. हमामखान्याच्या शेगडीला चिकटून भाजलेले फोड, भुकेली पोरं, म्हाताऱ्या, डोक्याशी गुणगुणत ‘उपाशी राहशील, ऊठ’ म्हणून जागे करणारे डास आणि पिसवा. अंगरख्याच्या जागी चिंधी, पलंगाच्या जागी ढेकणांनी भरलेली लव्हाळ्याची चटई, उशीला दगड. भाकरीच्या जागी पाल्याचे कोंब आणि मुळ्याची पानं. बसायला फुटक्या रांजणाचं तोंड. आणि जन्मभर राबून, काटकसर करून शेवटी मागे काय, तर पुरायलाही पुरणार नाही इतकं. त्यावर पेनिया म्हणते, हे माझं वर्णन नव्हे, हे भिकाऱ्याचं झालं. भिकारी म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही. गरीब म्हणजे जो जपून राहतो, कामाला चिकटून असतो, ज्याच्याकडे उरत काही नाही पण कमीही पडत नाही.

हा फरक कागदावर फार छान दिसतो. माझ्या पिग्मीच्या वहीत एकवीस वर्षं ही दोन्ही माणसं एकाच ओळीत होती. सोमवारी गरीब असलेली बाई गुरुवारी नवऱ्याला दवाखान्यात नेल्यावर भिकारी होते, एवढंच अंतर. देवळाजवळ हार-वेण्या विकणाऱ्या एक मावशी रोज वीस रुपये द्यायच्या. पाऊस लागला, गर्दी नसली की म्हणायच्या, “मामा, आज ऱ्हाऊ द्या, उद्या दोन्हीचं घ्या.” आणि उद्या खरंच चाळीस द्यायच्या. १४,३०० रुपये झाले होते त्यांचे.

ती पतसंस्था बुडाली. कशी बुडाली ते कुणाला नवीन नाही, सगळीकडे एकाच पद्धतीनं बुडतात. संचालकांच्या पाहुण्यांना कर्ज, तारण म्हणून तेच शेत तीन ठिकाणी, आणि मग एक दिवस शटर अर्ध्यावर. बँकेच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, हे मला एवढी वर्षं पैसे गोळा करूनही नीट माहीत नव्हतं. कुजबूज सुरू झाली तेव्हा साहेबांनी आम्हा एजंटांना बोलावून सांगितलं, कलेक्शन थांबवू नका, थांबवलं तर अफवा पसरेल. मी थांबवलं नाही. पुढचे अकरा दिवस मी पावत्या फाडत होतो. ज्यांना आतली खबर होती त्यांनी त्याच अकरा दिवसांत आपल्या मुदत ठेवी मोडल्या. त्यातल्या एकाचा बंगला आज मी राहतो त्या भागातून दिसतो, दुमजली आहे, पुढे पाम लावलेत.

त्या आठवड्यात एका रात्री मी बायकोला विचारलं होतं, आपल्या पोराला आपण चुकीचं शिकवतोय का? तेव्हा मी अ‍ॅरिस्टोफनीसचं नावही ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “आधी बारावी होऊ दे त्याची. मग चोर करायचा का साव ते बघू.” नातीनं नाटकाचं पहिलं पान वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो यामुळे. डेल्फीला जायची गरज नाही हो, हा कौल मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांतही लावला जातो.

पेनियाला हाकलताना क्रेमिलस तिला एक वाक्य ऐकवतो, त्याचा मतलब असा, की तू मला पटवून दिलंस तरी मला पटणार नाही. लेखकांसारख्या वाचकांना हा अडाण्याचा हट्ट वाटणार. मला तसं वाटत नाही. ज्यानं उशीला दगड घेतलाय त्याला उशीचे तोटे कितीही शास्त्रशुद्ध समजावून सांगा, तो मान हलवणार नाही, आणि हलवू नये. तेही पेनियाचं म्हणणं सगळं खोटं म्हणून नव्हे. राजकारणी गरीब असतात तोवर न्यायानं वागतात, जनतेच्या पैशावर गब्बर झाले की जनतेवरच उलटतात, असं ती म्हणते तेव्हा क्रेमिलस स्वतः कबूल करतो, की यात तू खोटं बोलत नाहीस.

‘कातडं कोण कमावणार’ या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरकराला तरी द्यायला अवघड जाऊ नये. आपली चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल घालून पोरं चालली, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि मग इथे बोंबाबोंब झाली. माझ्या पिग्मीवाल्यांत चपला शिवणारी तीन घरं होती. तिन्ही घरांतल्या पुढच्या पिढीनं आरी हातात धरली नाही. ती पोरं श्रीमंत झाली म्हणून? एक रिक्षा चालवतो, एक एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, एक नुसताच फिरतो. दारिद्र्यदेवी म्हणते पैसा आला की हुन्नर मरेल. मी माझ्या डोळ्यांनी बघितला तो हुन्नर तिच्याच मांडीवर मेला.

आता नाटकाचा उरलेला अर्धा भाग, जो लेखकांच्या चहात बुडाला. देवळातल्या रात्रीची हकिगत कॅरिओन मालकिणीला सांगतो आणि ही भूमिका या वयातही मला कुणी दिली तर मी फुकट करीन. दिवे मालवलेत, रोगी ओळीनं आडवे झालेत. कॅरिओनला झोप नाही, कारण एका म्हातारीच्या उशाशी खिरीचं मडकं आहे. मान वर करून बघतो तर पुजारी वेदीवरच्या पोळ्या आणि सुकी अंजिरं गोळा करून पिशवीत ‘अर्पण’ करतोय. मग हेही पुण्याचंच काम असणार असं समजून हा मडक्याकडे सरकतो. म्हातारी हात लांबवते, तर हा देवळातल्या नागासारखा फूत्कार टाकून तिच्या हाताला चावतो, आणि ती पांघरुणात गुरफटल्यावर यथेच्छ खीर ओढतो. तेवढ्यात वैद्यदेव येतो. निओक्लिडीस नावाचा एक पुढारी तिथे आलाय, आंधळा आहे पण चोरी करण्यात डोळसांच्या पुढे. त्याच्या डोळ्यांत देव लसूण आणि व्हिनेगर वाटून घालतो. प्लुटसचे डोळे मात्र दोन मोठे साप येऊन चाटतात आणि त्याला दिसायला लागतं.

मग रांग लागते. एक सज्जन माणूस आपला तेरा वर्षं वापरलेला फाटका अंगरखा देवाला वाहायला येतो. त्याच्यामागोमाग येतो तो लोकांवर फिर्यादी घालून जगणारा. अथेन्सला सरकारी वकील नसायचा, कुणीही नागरिक कुणावरही खटला भरू शकायचा, त्यामुळे हा एक धंदाच झाला होता. तू शेतकरी आहेस का? नाही. व्यापारी? गरज पडली की म्हणवतो. मग करतोस काय? गावाच्या सगळ्या भानगडींची देखरेख. त्याचा चांगला अंगरखा काढून तो फाटका त्याला घालतात. शेवटी हर्मीस देव स्वतः भुकेनं कळवळत दारात येतो, कारण लोकांची भरभराट झाल्यावर देवांना नैवेद्य कोण दाखवणार? कॅरिओन त्याला आतडी धुवायला विहिरीवर पाठवतो. गुलाम देवाला कामाला लावतो!

शेवटी प्लुटसला वाजतगाजत अथेनादेवीच्या देवळामागच्या दालनात बसवायला नेतात. शहराचा खजिना तिथे असायचा. इ. स. पू. ३८८ साली, युद्ध हरून सोळा वर्षं झालेली आणि पुन्हा दुसरं युद्ध चालू असलेल्या अथेन्समध्ये हे बघताना प्रेक्षक कसे हसले असतील, याचा मी विचार करतो. आपल्याकडे पैशावरचं गाजलेलं नाटक म्हणजे खाडिलकरांचं ‘मानापमान’. तिथे लक्ष्मीधराची फजिती होते, धैर्यधराचं लग्न होतं आणि गाणी उत्तम आहेत. पण धैर्यधराच्या सैन्यातल्या शिपायाला पगार किती, हे कुणी विचारत नाही.

या ग्रीक नाटकातही खोट आहे. आधी म्हणतात फक्त सज्जनांना धन, आणि शेवटाला सगळेच श्रीमंत झाल्यासारखे वागतात, मधला सांधा कुठे दिसत नाही. नातीला हे विचारलं तर म्हणाली, आजोबा, विद्वानही त्यावरच भांडतात. मला बरं वाटलं.

तर आपण खुलासा छापावा, की ‘प्लुटस’मध्ये दारिद्र्यदेवी जिंकत नाही. जाताना ती म्हणते, तुम्ही मला परत बोलवाल. क्रेमिलस म्हणतो, तेव्हाचं तेव्हा. हारवाल्या मावशी अजून महाद्वारात बसतात, पंधराशे रुपये मिळत असूनही पहाटे पाचला फुलं ओवायला घेतात. अवसायकाकडचा, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा हिशेब गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडचा, त्यांचा अर्ज मीच भरून दिला होता. तो नंबर अजून माझ्या पाकिटात आहे.

आपला,
एक माजी पिग्मी एजंट
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. नाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या चिठ्ठीवर दिलं आहे, ते कृपया छापू नये. माझे बरेच जुने खातेदार आपलाच पेपर घेतात.